एकच डाव

लेक संगणकावर राक्षस-जादूगारांचा एक खेळ बनवते आहे; त्यात आता तिने सारीपाट घातला आहे. खेळातल्या धर्मशाळेत एक म्हातारा पट मांडून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, "बसा की, एकच डाव." घाईतल्या खेळाडूसाठी तिने उत्तरही लिहून ठेवलं आहे : "एवढं काम उरकते, मग बसते."

"हे कुठून सुचलं गं?"

"घरातूनच, आई. आजोबा आणि तू!"

कामं वेळेवर उरकतात, याचा मला अभिमान होता. ती कुणाला तरी ताटकळत ठेवून उरकतात, हे मनात आलं नव्हतं.

बाहेर बाबा दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकटेच हलवत होते. मी समोर बसले. कवड्या माझ्या हातात देता देता ते थांबले.

"काही काम राहिलं नाही ना तुझं?"