विद्यानगरची जागा

राज्यं तुटायची आणि नव्याने जोडायची ठरली, तेव्हा लोकांना वाटलं नकाशे बदलतील. आमच्या घरात बदललं ते तूरडाळीचं माप. पोत्यावरून आम्ही पावशेरावर आलो आणि दोन वर्षं पावशेरावरच राहिलो.

माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून, मी मुलींच्या मराठी शाळेत शिक्षिका, आणि निजामाच्या जुन्या राजधानीत, गौलीगुडा मोहल्ल्यात भाड्याच्या दोन खोल्या. कचेरीतल्या मराठी माणसांना विचारणा झाली, मुंबई राज्यात, म्हणजे औरंगाबादेकडे, जाता की इथेच राहता? बाकीच्यांनी एका ओळीत उत्तर दिलं. आमच्यांनी दोन दिवस खपून, मोत्यासारख्या उर्दू अक्षरात लिहिलं की हुजुरांची मर्जी असेल तर जायला तयार आहे, आणि ठेवून घेतलं तर राहायलाही तयार आहे. सरकारपुढे हट्ट धरू नये, ही त्यांच्या घरची तीन पिढ्यांची रीत. "मला अमुकच हवं, असं काय तोंड वर करून सांगायचं?" असं उलट मलाच विचारलं. मग सरकारनेही अदब राखली. काहीच कळवलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही उद्या निघणारी माणसं झालो. सालाची चिंच घेतली नाही, एवढी चिंच आगगाडीतून कोण नेणार. लोणचं घातलं नाही, बरणी फुटेल म्हणून. रजया ट्रंकेत बांधून टाकल्या, आणि त्या थंडीत आमचे दात असे वाजले की गल्लीतली चार कुत्री दुसऱ्या मोहल्ल्यात राहायला गेली. सरपण वखारीतून गाडीभर यायचं, ते मोळीने यायला लागलं, आणि मोळी नेहमीच महाग. घरमालक म्हणाले, "सालभर का लिख देव, अम्मा, किराया कम करतूं." यजमानांनी लिहून दिलं नाही. जास्तीचं भाडं भरत महिन्याच्या बोलीवर राहिलो. मी दिवसभर पोरींना त्रैराशिक शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच्या बरोबर उलटा संसार करायची.

"अहो, हे रोजचं रोज आणण्यात आपण रोज थोडे थोडे लुटले जातोय."

"हुकूम येऊ दे. मग एकदमच भरू."

"दीड वर्ष हेच ऐकतेय. हुकूम काय बैलगाडीतून येतोय?"

"बैलगाडीतून निघाला असता तर एव्हाना आला असता," ते म्हणायचे, आणि पिशवी घेऊन पावशेर डाळ आणायला जायचे.

अशात त्यांच्या कचेरीतल्या हेडक्लार्क काकांनी पंधरा-वीस कुटुंबं गोळा करून विद्यानगरकडे जमीन ठरवली. तिथे तेव्हा इतके खडक होते की शेळ्यासुद्धा पायात चपला घालून चरायच्या. पण मला ती जागा हवी होती. संसारात मी स्वतःसाठी म्हणून मागितलेली ती एकच गोष्ट. माहेरच्या दोन पाटल्या होत्या, आगाऊ रक्कम त्यात बसत होती. मुदत शनिवारची.

"औरंगाबादेला गेलो तर जागेचं काय करायचं?" यजमानांनी विचारलं.

"विकायची."

"आणि राहिलो तर?"

"घर बांधायचं. यात नुकसान कुठे आहे ते दाखवा."

त्यांनी डाळीची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "पाटल्या तुझ्या आहेत. तुला योग्य वाटेल ते कर."

शुक्रवारी मी पाटल्या मोडल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर पैसे रुमालात बांधून नामपल्लीला काकांच्या घरी चालत गेले. काकांनी पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"बाई, तुमच्या नावे लिहू की यजमानांच्या?"

माझ्या, असं म्हणायचं होतं. वाटभर तेच घोकत आले होते. तोंडातून निघालं, "काका, आठ दिवस थांबता का? सोमवारी हुकूम येतोय म्हणतात."

ज्या वाक्याशी दीड वर्ष भांडले, ते माझ्याच तोंडात बिऱ्हाड करून बसलं होतं. काकांनी टोपण परत पेनावर चढवलं.

"थांबलो असतो हो. पण बाहेर ओट्यावर दोघं बसलेत पैसे घेऊन. तुम्ही आज सोडलीत तर त्यांना द्यावी लागेल. बघा."

मी बघितलं. रुमालाची गाठ सोडायला हात काही उचलवेना. कुणी बांधून ठेवला नव्हता, नुसता दमला होता.

"द्या त्यांना," मी म्हटलं.

घरी आले तर यजमान दारातच उभे.

"मिळाली पावती?"

"मी पोचेपर्यंत जागा संपल्या होत्या."

मी जन्मभर थापा मारत आलेय. चपला घातलेल्या शेळ्या तर माझ्या नातवंडांना खऱ्या वाटतात. पण ही थाप अगदी साधी, बिनमसाल्याची निघाली, म्हणून लगेच पटली.

"मीच आधी हो म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

तेव्हाच सांगून टाकायचं. पण पाय दुखत होते आणि चूल पेटवायची होती.

त्या सोमवारी हुकूम आला नाही. त्यानंतरच्या कित्येक सोमवारीही नाही. आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की इथेच राहायचं. तोवर पाटल्यांचे पैसे डाळीत, सरपणात आणि भाड्यात जिरून गेले होते. विद्यानगरात माती टाकून खडक बुजवले गेले, घरं उभी राहिली. आमचं घर झालं नाही.

आता आम्ही दोघंही पिकली पानं. बस विद्यानगरवरून गेली की ते खिडकीबाहेर बघत म्हणतात, "माझ्यामुळे गेली." मी म्हणते, "जाऊ द्या हो." माझा मोठेपणा दिसतो, आणि मी तो दिसू देते. परवा पुन्हा म्हणाले. म्हटलं, पुरे झालं, आज सांगायचंच, आणि त्यांच्याकडे वळले. तोवर त्यांनी मान मागे टाकून डोळे मिटले होते. बसमध्ये गर्दीही फार होती. घरी गेल्यावर सांगू म्हटलं.