अंजिराभोवतीची फरशी

भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला जे वजन टांगतात, त्याला ओळंबा म्हणतात. या गवंड्यालाही सगळे ओळंबाच म्हणत, कारण त्याची भिंत आणि त्याची मान, दोन्ही आयुष्यात कधी कललेल्या नव्हत्या.

भिंत बाहेरचं बाहेर ठेवण्यासाठी असते, हे तो चाळीस वर्षं जाणून होता. आणि त्याच्याच नव्या घराचा नकाशा काढला आर्किटेक्ट झालेल्या सुनेनं! बागेच्या बाजूला भिंतच नाही, नुसती सरकती काच. बैठकीच्या मधोमध त्याच्या गेलेल्या बायकोनं लावलेलं अंजिराचं झाड, स्लॅबमधल्या गोल भोकातून वर गेलेलं.

"घर आहे का गोठा?"

"गोठ्याला काच नसते, बाबा."

दोघांच्या मध्ये बसलेला मुलगा चहा टाकायला म्हणून उठला, तो तासभर फिरकलाच नाही.

शेवटी ओळंब्यानं अट घातली. "बांधतो तुझ्या नकाशाप्रमाणे. पण झाड मेलं, तर भोक बुजवीन आणि काचेच्या जागी वीट चढवीन."

"चालेल. जगलं, तर तुम्ही पुन्हा तोंड उघडायचं नाही."

मनात राग असला तरी त्याचा हात खोटं काम करत नसे. भोकाची कड त्यानं परातीसारखी गोल काढली. मग स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर सिमेंटच्या मसाल्याचे छोटे बांध घालून रोज दोन वेळा पाणी भरलं. लोक आठवड्यात उरकतात. यानं एकवीस दिवस भरलं. नंतर खाली खोडाला लगटून फरशी बसवली, सांध्यात नख शिरणार नाही अशी.

थोड्याच दिवसांत अंजिराची पानं पिवळी पडली. ओळंबा काचेसमोर विटा रचू लागला, सुनेला दिसतील अशा.

"गुदमरलं तुझ्या घरात," तो म्हणाला.

सून खोडापाशी बसली. खोड आणि फरशी यांच्यामधल्या बारीक फटीत तिनं मोजपट्टी खुपसली. ती लोण्यात जावी तशी आत गेली, आणि बाहेर आली ती सिमेंटच्या राखाडी चिखलानं माखून.

"स्लॅबवर पाणी कुणी भरलं?"

"मी. एकवीस दिवस. तुझ्या पुस्तकात कमी लिहिलं असेल."

"आणि भोकातून ते कुठं गेलं?"

ओळंब्यानं वर पाहिलं. मग खाली पाहिलं. पाणी स्लॅबला पुरलं का, एवढंच त्यानं जन्मभर पाहिलं होतं. बायको या झाडाला तांब्यानं मोजून पाणी घालायची, तेव्हा तो हसायचा.

तो तडक बाहेर गेला. सुनेला वाटलं, विटा आणायला. आला तो पहार घेऊन. पहिल्याच घावाला त्याची ती बिनसांध्याची फरशी तडकली.

"वाचलं तर बोलायचं नाही, ठरलंय आपलं," सून म्हणाली.

"बोलतंय कोण?"

सुनेनं खुर्ची ओढली आणि बरोबर समोर बसली.

"मुळं सांभाळा. आणि फोडायचंच आहे तर सरळ रेषेत फोडा. ओळंबा म्हणतात ना तुम्हाला?"

त्यानं दात आवळले आणि दुसरी फरशी उचकटली.