सोमाचं कॅल्शियम

हॉस्पिटलात केसपेपरपेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि केसपेपर निदान रद्दीत तरी घालता येतात. जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी डॉक्टर आहे. चहाला बसलो की विषय कुठलाही निघो, गाडी शेवटी पोशेऱ्याच्या सोमावर येते.

सोमा धडधाकट गडी. पण जोरात धावला किंवा एकदम दचकला की धाडकन पडायचा. पाड्यावर म्हणायचे, वारं येतं. ईसीजी काढला तर अगदी नॉर्मल. माझा संशय वेगळा होता, आणि तो खरा असेल तर एक दिवस सोमा पडला की उठणारच नव्हता. त्याला नाशिकला पाठवायचं तर तो म्हणे, "मना काय नाय झाला. झाला असंल त कागदावर दाखवा."

म्हणजे बिघडलेले ठोके ईसीजीत पकडणं आलं.

* * *

त्याच्या आईला मी समजावलं, "हृदयाच्या पेशीत कॅल्शियम कोंडलेलं असतं, खुराड्यातल्या कोंबड्यांसारखं. दार उघडलं, कोंबड्या बाहेर आल्या, की ठोका पडतो. मग सगळ्या परत आत. सोमाच्या खुराड्याची कडी सैल आहे. तो घाबरला की कोंबड्या अवेळी सुटतात आणि ठोक्यांचा गोंधळ होतो."

म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग कोंबड्या इकून टाका," ती म्हणाली.

* * *

तिने पुढे विचारलं, हे कॅल्शियम असतं कशात? आमच्या सुनंदा सिस्टर बोलून गेल्या, "चुन्यात असतं."

झालं! पुढच्या बाजाराला खोडाळ्यात पोशेऱ्याच्या एकाही माणसाने चुना घेतला नाही. चुन्याशिवाय तंबाखूला चव येईना, म्हणून तंबाखूही सुटली. खाण्यातल्या चुन्याचा या आजाराशी संबंध नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तंबाखू सोडा म्हणून मी वर्षानुवर्षं ओरडतोय, कोण ऐकतं?

* * *

ट्रेडमिल आमच्याकडे नाही. मग सोमाच्या छातीला तारा लावल्या, शॉकचं मशीन तयार ठेवलं आणि त्याला जिना चढ-उतार करायला लावला. ईसीजी मशीन उचलून सिस्टर मागे. सोमा रोज डोंगरातून लाकडाचे भारे आणणारा माणूस, त्याला जिन्याचं काय? थोड्या वेळाने तोच थांबला.

"बाय, तुमी बसा. मी मशीन घेतो."

त्या दिवशी नाडी बिघडली ती सिस्टरांची.

* * *

मग आमच्या वॉर्डबॉय शंकरमामांनी परस्पर ठरवलं की सोमाला घाबरवायचं. तारा लावलेल्या असताना ते मागून ओरडले, "बिबट्या!"

सोमा घाबरला नाही. तारा तोडून, सलाईनचा स्टँड उचलून तो बिबट्याच्या शोधात निघाला. वॉर्ड मात्र रिकामा झाला. पायाला प्लास्टर असलेले आजोबा गेटपाशी सापडले. मी मामांवर इतका चिडलो की त्यांचा चहा बंद केला.

* * *

त्याच आठवड्यात सोमाची बायको बाळंतपणाला दाखल झाली. तो बाहेर बाकावर बसलेला. मी सहज तारा लावून ठेवल्या. सिस्टर दारात आल्या, "सोमा, मुलगी झाली."

आणि कागदावर एक ठोका वर, एक खाली, एक वर, एक खाली! "आलं! आलं!" मी ओरडलो. सोमाचे डोळे फिरायला लागले. इंजेक्शन दिलं, ठोके रांगेत आले. म्हातारीला वाटलं, नातीसाठी डॉक्टर नाचतोय. तिने माझ्या तोंडात गूळ कोंबला. शुद्धीवर आलेल्या सोमाने कागद पाहिला आणि मुकाट्याने नाशिकला गेला. तिथे गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून तो पडलेला नाही.

* * *

परवा त्याची बायको दुसऱ्यांदा दाखल झाली. सोमा थेट ईसीजीच्या खोलीत येऊन शर्ट काढून आडवा झाला. "लावा तारा. मंग काय ता आयकतो."

गोळी घेतली होती ना, विचारलं. घेतली होती. तरी मशीन चालू केलं. बराच वेळ गेला. आतून बाळाचं रडणं आलं, सिस्टर धावत दारात आल्या, बोलायला तोंड उघडलं.

सोमाने झोपल्या झोपल्या हात वर केला.

"दम खा, बाय. डाक्टरचा कागद सरलाय."