मुठीमुठीचा रोवणा

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, उतरायला गावातली एकही बाई आली नाही.

आम्ही आसगावजवळचे. आदल्या वर्षी नवऱ्यानं आणि मी येशूवर विश्वास ठेवला आणि या वर्षी आम्ही रोवण्याआधीच्या गावपूजेला गेलो नाही. कुणी भांडलं नाही, फक्त बोलणं बंद झालं. शेजारची काकू आणि मी अकरा वर्षं आळीपाळीनं एकमेकींच्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केलेला. तीच आता बायकांचा घोळका घेऊन आमच्या धुऱ्याच्या बांधावरून मान वळवून जायची. इकडे परे, म्हणजे धानाची रोपं, पिवळी पडायला लागली. आठवडाभरात रोवली नाहीत तर त्या वर्षी आमच्या घरात धान येणार नव्हतं.

रविवारी भंडाऱ्याला उपासनेत पाळक सांगत होते की जग आपला द्वेष करतं, आपण एकमेकांवर प्रेम करायचं. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले.

"पास्टरजी, प्रेम लय झालं. माहे परे पिवळे पडून राहिले. चिखलात कोन उतरते ते सांगा."

नवऱ्यानं माझा पदर ओढला. "प्रार्थना करू," कुणीतरी पुटपुटलं. मी चपला घालून निघाले.

मंगळवारी सकाळी पाळक आणि त्यांच्या मंडळीतले एक नर्सबाई, एक शिक्षक आणि एक शिंपीदादा असे चौघं हजर झाले. एकाचाही पाय कधी बांधीत बुडालेला नव्हता. दोन-तीन काड्या कशा खोचायच्या ते मी दाखवलं आणि त्यांच्यासाठी जेवण आणायला घरी गेले. परत येऊन बघते तर जेमतेम एक बांधी रोवून झालेली आणि चार बांध्यांचे परे संपलेले! एकेका जागी मूठमूठ खोचली होती.

"ताई, कमी पडाले नको म्हणून भरपूर लावले," नर्सबाई खुशीत म्हणाली.

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांची अक्कल काढली, शिक्षकाची शाळा काढली, पाळकांचं प्रवचन काढलं. धुऱ्यावर गावातल्या बायका फिदीफिदी हसत होत्या. या चौघांपैकी कुणी उलट बोललं नाही, त्याचाही मला रागच आला. पाळकांनी वाकून पहिली मूठ उपटली, दोन काड्या परत खोचल्या आणि उरलेल्या डाव्या हातात धरल्या. मग बाकीचेही वाकले. मी पण वाकले, बडबडतच.

तीन दिवस लागले. नर्सबाईच्या पायांना चिखल्या झाल्या, माझ्याही. तिनं मलम आणलं ते आधी माझ्या पायांना लावलं. मी तिच्याशी धड बोललेही नाही.

चौथ्या दिवशी मी एकटीच वाकड्या ओळींत तरंगलेले परे खोचत होते. काकू धुऱ्यावर थांबली. महिन्याभरात पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"असा कोनं रोवला वं?"

काकू, तू आली असतीस तर सरळ झाला असता, हे अगदी ओठांवर आलं होतं. अकरा वर्षांची सवय होती मला तिची.

"माह्या घरच्यायनं," मी म्हणाले आणि पुढची काडी खोचली.