अब्बासभाईंची दिल्ली

दिल्ली पूर्ण राज्य झाल्याबद्दल मी इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिल्लीकरांचं अभिनंदन केलं, तेव्हा दिल्लीचं काहीही झालेलं नव्हतं. झिंज वस्तीतले आमचे शेजारी अब्बासभाई चहा आणायला आत गेले होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या अधिसूचनेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, इतकंच.

अब्बासभाई मूळचे रत्नागिरीचे, रिफातल्या एका कंपनीत तीस वर्षं टायपिंग क्लार्क. न घडलेला इतिहास हा त्यांचा नाद. "समजा," चष्मा कपाळावर सरकवून ते सुरू करत, "भाषावार राज्यं केली तेव्हाच दिल्लीला पुरतं राज्य केलं असतं! मग पोलीस कोणाचे? मुख्यमंत्र्याचे. आता कसं, भाड्याच्या घरात खिळा मारायचा तरी मालकाला विचारा. अर्धा दर्जा काय असतो, ते आमाला विचार."

हे 'समजा' मला पाठ होतं. ते सरकारी इंग्रजीत, जावक क्रमांकासकट टाइपही करतात, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यात कागद वाया घालवणं त्यांना हराम. सगळा इतिहास ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर. माझ्या फोटोत मागचं कंपनीचं नाव उलटं, पण स्वच्छ उमटलं होतं.

फोटो फिरत फिरत संध्याकाळी त्यांच्या मॅनेजरकडे पोचला. कंपनीच्या कागदावर खोटा सरकारी हुकूम! आणि त्याच आठवड्यात अब्बासभाईंचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता.

सकाळी मीच त्यांना रिफाला नेलं. वाटभर घोकत होतो, 'सर, फोटो मी पाठवला.'

"तू वर येऊ नको," ते म्हणाले. "तुझापण व्हिसा हाय. पोरं शाळेत हायत."

"पण अब्बासभाई..."

"सिग्नल सुटला. गप गाडी चालव."

ते आत गेले. मी एसी लावून बसलो. दाराच्या हँडलला दोनदा हात लावला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा ते बाहेर येताना दिसले.

"खलास," सीटबेल्ट लावत ते म्हणाले. "विचारलं, फोटो कोणी पाठवला? सांगितलं, मीच. महिनाअखेरीस रत्नागिरी."

विमानतळावर त्यांनी सगळी फाइल माझ्या हातात दिली. "दिल्ली सांभाळ. आणि आता कोणाला पाठवू नको. यल्ला, निघतो."

घरी येऊन मी बायकोला फाइल दाखवली आणि त्या दिवशी गाडीत बसून राहिल्याचं पहिल्यांदाच सांगितलं. तिने फाइलमधला एक पाठकोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"आता तुम्ही लिहा," ती म्हणाली. "समजा, तुम्ही गाडीतून उतरला होतात."