मामांची वजनाला हलकी भिंत

"सोडू नका जावईबापू! सोडलंत तर संपलं सगळं!" मामा स्टुलावरून ओरडत होते आणि त्यांच्या पायाशी उकिडवा बसून मी चिनी मातीचं वॉश बेसिन डोक्यावर तोलून धरलं होतं. समोरच्या जिप्सम बोर्डाच्या भिंतीतून पापड मोडल्यासारखा आवाज येत होता.

माझ्या बायकोच्या ह्या मामांनी ड्रिल मशीन घेऊन जेवढी माणसं घाबरवली, तेवढी बेंगळुरूच्या सगळ्या रहदारीनं मिळूनही घाबरवली नसतील. सरकारी कारखान्यात जन्मभर विमानांचे पंख बनवले आणि निवृत्त झाल्यावर तोच हात घरावर चालवायला घेतला. ते चिकपेटेच्या बाजारातून स्क्रूंची पिशवी घेऊन आले की व्हाइटफील्डच्या त्यांच्या सोसायटीत बातमी पसरे. खालच्या मजल्यावरच्या अक्का झुंबर उतरवून गादीवर निजवत. एकदा मामांनी पंख्याची जागा बदलली, तर शेजारचा टीव्ही कन्नड सोडून तेलुगू बोलू लागला म्हणतात. म्हणणारा मी एकटाच आहे, ते सोडा. पण मामांना स्वतःला भीती ठाऊक नव्हती. "माझे पंख ढगांत टिकले, तुमच्या भिंतीचं काय घेऊन बसलात!"

मामी इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या. "अय्यो, स्वल्प हळू!" एवढाच त्यांचा विरोध. मध्यंतरी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या, तेव्हा मामा बाल्कनीत ड्रिल चालवत होते. मामींच्या हाका त्या घरघरीत बुडाल्या. खुब्याचं हाड मोडलं. मामी इस्पितळात असताना मामा घरी कामाला लागले. मामींच्या पलंगाजवळ भिंत उभारत राहिले. तिच्यात नळ आणि निचऱ्याची नळी आधीच आणली होती; वर बेसिन बसवलं की तोंड धुवायला मामींना त्या ओल्या फरशीवर पाऊलच टाकायला नको.

आणि आज संध्याकाळी मामी घरी यायच्या होत्या.

"मामा," मी बेसिनखालून विचारलं, "आत प्लायवूड घातलंय ना?" जिप्सम बोर्डावर जड वस्तू टांगायची तर मागे प्लायवूड लागतं, हे माझ्यासारख्या कारकुनालाही माहीत होतं.

"प्लायवूड? वजन वाढतं!" मामा म्हणाले. "उलट आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांना मी गोल भोकं पाडलीत. पंखाच्या फासळ्यांना पाडतो तशी. निम्मं वजन उतरवलं."

"मामा, ही भिंत उडणार आहे का?"

 मामा स्टुलावरून उतरले, भिंतीला कान लावला आणि त्यांचा चेहरा त्या बोर्डाहून पांढरा पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मामांना घाबरलेलं पाहिलं आणि बेसिन आणखी घट्ट धरलं. "ती टेकणार हो ह्याच्यावर," ते पुटपुटले. "दोन्ही हातांनी टेकून तोंड धुते ती."

स्टूल बेसिनखाली सरकवून मी डोकं सोडवतो, तोच बेल वाजली. वॉकर धरून मामी आत आल्या, मागे माझी बायको. मामींची नजर थेट बेसिनवर गेली.

"अय्यो! माझ्यासाठी?"

मी "मामी, आधी बसा, चहा" असं काहीतरी बरळलो, पण मामींचं लक्ष बेसिनवरच होतं. मामींनी वॉकर सोडला आणि काठ धरायला हात पुढे केला. मामांनी अशी उडी मारली की त्या वयात ती सांगून खरी वाटणार नाही. ते मध्ये शिरले, पाठ वाकवली आणि मामींचा हात पडला तो त्यांच्या खांद्यावर. मामींनी सगळा भार तिथे टाकून सावकाश तोंड धुतलं. मामा एका हातानं स्टूल धरून, डोळे गच्च मिटून वाकले होते. मला वाटलं, भिंत राहील, मामाच जातील.

पुढे ती भिंत उतरवून प्लायवूड घालून पुन्हा उभारली. इतकी भक्कम, की मी तिला लोंबकळून पाहिलं. तरी रोज सकाळी मामींनी नळ सोडला की मामा हातातला पेपर टाकून येतात आणि बेसिनशेजारी वाकून उभे राहतात. मामीही काठाला हात लावत नाहीत, त्यांच्या खांद्यालाच टेकतात. परवा न राहवून मी म्हटलं, "मामी, आता भिंत हत्तीला पेलेल. बिचाऱ्या मामांना कशाला उभं करता?"

टॉवेलानं तोंड टिपत मामी म्हणाल्या, "असू देत. उंची बरोबर आहे."