पाटी बघून बसायचं

वडवणीच्या स्टँडवर मी कंट्रोलर होतो, तेवढ्या वर्षांत माझ्या सांगण्यावरून चुकीच्या गाडीत एकही माणूस बसला नाही. दोघी सोडून. त्या दोघी माझ्याच घरच्या होत्या.

हा किस्सा आमच्या पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना पाठ आहे. "कौसाबाई बीडला निघाली आन् परळीला पोचली!" कौसाबाई म्हणजे माझी बायको. लग्नात पंगत उशिरा बसली की हा किस्सा, बारशाला पाहुणे यायचे राहिले की हाच किस्सा. सांगणारा बहुतेक वेळा मीच. मी तो फार रंगवून सांगतो. (खरं तर ती परळीला पोचलीच नव्हती, तेलगावलाच उतरली. परळी मी घातली. नुसतं तेलगाव म्हटलं तर लोक हसत नाहीत!) आता म्हटलं, मरायच्या आधी एकदा बरोबर सांगून टाकावा. हसायला तसंही येईल, फक्त ज्याच्यावर हसायचं तो माणूस बदलेल.

कंट्रोलर म्हणजे स्टँडच्या खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारणारा माणूस. आधी मी कंडक्टर होतो, मग ही खुर्ची मिळाली आणि झोप गेली. मला एकाच वेळी दोन भीती होत्या. आपण या खुर्चीच्या लायकीचे नाही, हे साहेबांना कळेल ही एक. आणि आपल्यावाचून स्टँड छान चालतं, हे लोकांना कळेल ही दुसरी! यावर मी एकच औषध काढलं होतं : सुट्टी म्हणून घ्यायची नाही. बालाजीच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, बारशाला मी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पळत गेलो. नाव ठेवून झालं होतं.

"काय ठिवलं गं नाव?" मी बहिणीला विचारलं.

"आता कावून इचारायलास? भोंग्यावर पुकारतो का?"

घर स्टँडच्या मागेच होतं. लेकरांना बाप दिसायचा कमी, ऐकू यायचा जास्त. भोंगा बंद झाला की सुनीता, माझी थोरली, आईला म्हणायची, "आन्ना यायलेत, वाढ." पुढे रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, ओरडू नका, ताण घेऊ नका, घरी वेळ द्या. पहिल्या दोन गोष्टी नोकरीत बसत नव्हत्या आणि तिसरीची मला सवय नव्हती.

सुनीता आठवीत होती तेव्हा खो-खोत लई पळायची. तालुक्याला जिंकली आणि तिला जिल्ह्याच्या निवडीला बीडला बोलावलं. मी छाती फुगवून म्हणालो, "आपन जायचं. बाप-लेक." पोरीनं ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. (हे मला फार उशिरा कळलं.) आणि आदल्या दिवशी निरोप आला, उद्या मोठे साहेब तपासणीला येणार.

आजवर मी सांगत आलो की मला सुट्टी मिळाली नाही. चूक. मी मागितलीच नाही.

"अगं, तू जा तिला घिऊन," मी बायकोला म्हणालो. "घरच्यांचा पास हाय. बीडला उतरलं की ग्राउंड समोरच हाय."

"मी? मला वाचता येतंय का? गाडी कोनची, फलाट कोनचा..."

"मी बसवून देतो ना! वडवणीचा कंट्रोलर हाय मी, भाजीवाला न्हाई."

सकाळी दोघी स्टँडवर आल्या. बायको नव्या लुगड्यात, पोरगी पांढऱ्या बुटांत. तेवढ्यात एक गाडी फलाटाला लागली. पाटी : बीड–परळी. आता ज्याला आमचा रस्ता माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. वडवणी बीड आणि परळीच्या मधे आहे. ही गाडी जाताना हीच पाटी लावते आणि येतानाही हीच. उलटी कोण करत बसतो! म्हणून आमच्याकडचा माणूस पाटी वाचतो आणि मग ड्रायव्हरला विचारतो, "मामा, कुनीकडं?" हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप गेटातून आत आली, आणि माझा एक डोळा जीपवर आणि दुसराही जीपवर!

"बस, बस, हीच गाडी," मी बायकोला म्हणालो. सुनीता नळावर बाटली भरायला गेली होती.

"अवो, पन हिचं तोंड तर परळीकडं हाय."

"स्टँडात गाडी वळती. तोंड बघून न्हाई बसायचं, पाटी बघून बसायचं."

"मला पाटी वाचता येत न्हाई म्हनून तर तुमाला इचारायले. एकदा त्या डायव्हरला—"

"कंट्रोलर कोन हाय? तू का मी?"

बसली बिचारी. सुनीता बाटली घेऊन पळत आली, आई दिसली त्या खिडकीकडे बघून आत चढली. तिच्या आधीच मी कंडक्टरला खिडकीतूनच ओरडून सांगितलं होतं, "घरची मान्सं हायेत रे! नीट ने!" झालं! कंट्रोलरच्या घरची माणसं, त्यांना कोण विचारतो कुठं जायचं! त्या भल्या माणसानं त्यांना पुढची जागा दिली, पाणी विचारलं, खिडकीची काच लावून दिली. फक्त गाव विचारलं नाही. मी खुर्चीत बसून हात हलवला. गाडी गेटाबाहेर पडून परळीच्या बाजूला वळली. मी तेव्हा साहेबांसाठी खुर्ची पुसत होतो.

साहेब चहा घेत म्हणाले, "व्यवस्था चांगली आहे तुमची. तुमच्याशिवाय इथं चालणं कठीण." हे एक वाक्य ऐकायला मी एवढी वर्षं कान टवकारून बसलो होतो. ते ऐकलं आणि फोन वाजला. तेलगावचा कंट्रोलर होता, आवाज एवढा मोठा की फोनची गरज नव्हती.

"अरे, तुझ्या घरची मान्सं हितं उतरल्यात की! वैनी गाडीत इचारत व्हत्या, बीड आलं का! बीड काय तेलगावला येतंय व्हय बे?"

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. पोरीला गाडी लागली म्हणून आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, डोळ्यांवर पदर. बाहेर तेलगावच्या साखर कारखान्याची चिमणी दिसली तेव्हा तिनं कंडक्टरला विचारलं, बीड आलं का. तो म्हणाला, "वैनी, बीड मागं ऱ्हायलं. तुमी कंट्रोलर सायबाच्या घरच्या, मला वाटलं तुमाला म्हाईत असंल!"

इकडे साहेबांनी कप खाली ठेवला. "काय झालं? कोणी बसवलं त्यांना?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्या तोंडून निघालं ते लांबलचक निघालं. "अडाणी हाय हो सायेब. मी सांगितलं एक, ती बसली दुसऱ्याच गाडीत. वाचता येत न्हाई ना!" साहेब हसले. मीही हसलो. खुर्ची वाचली.

या किश्शावर पहिल्यांदा हसू आलं ते तिथं.

तेलगावहून दोघी उलट्या गाडीत बसल्या. ती गाडी बीडला जाताना आमच्याच स्टँडवर थांबली. मी भोंग्यावर पुकारलं, "परळीहून येऊन बीडला जाणारी..." आणि खिडकीत बायको दिसली. तिनं माझ्याकडे बघितलं. शेजारी साहेब उभे होते. मी पुकारणं पूर्ण केलं, स्पष्ट उच्चारात. बाहेर गेलो नाही.

बीडला ग्राउंडवर खो-खोचे खांब उपटून नेत होते.

घरी आल्यावर सुनीता भिंतीकडे तोंड करून बसली. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमीच बसवलं म्हनून सांगा तिला. ती मला बोलंना झाली." मी काय केलं? मी म्हणालो, "बस म्हनलं असंल मी. पन कोनच्या गाडीत बसावं एवढं कळू नये?" पोरीनं ऐकलं. पुढच्या वर्षी निवडीचं निघालं तर म्हणाली, "मी न्हाई जात. आईसंगं तर मुळीच न्हाई."

त्यानंतर कौसा एकटी कुठं गेली नाही. चकलांब्याला तिचं माहेर, तिथंही कोणी न्यायला आलं तरच. लोक म्हणायचे, "कौसाबाई, कंबरंला पाटी बांधा, म्हंजी हरवनार न्हाईत!" ती हसायची. मी किस्सा दरवर्षी थोडा वाढवायचो. एका वर्षी मी तिला परळीच्याही पुढचं धर्मापुरीचं देऊळसुद्धा दाखवून आणलं! मी चांगला सांगतो, असं सगळे म्हणतात. नोकरीत जे नाव मिळालं नाही ते मला या किश्शानं दिलं.

यंदा पंचमीला सुनीता माहेरी आली, जावई पण आले. बालाजीची पोरगी तन्वी खो-खो खेळते. (रक्तात आहे. माझ्या नाही.) तिची बीडला निवड, दुसऱ्याच दिवशी. बालाजी औषधाच्या कंपनीत फिरतीवर असतो. तो म्हणाला, "उद्या आमचे सायेब यायलेत. मला न्हाई जमत." हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं, आणि माझ्याच आवाजात.

"मी जाते पोरीसंगं," कौसा म्हणाली.

घर खदखदून हसलं. बालाजी म्हणाला, "आई, निवड बीडला हाय, परळीला न्हाई!" मीही हसलो. (तोंडाला सवय झालीय, मला विचारत नाही.) सुनीता म्हणाली, "आन्ना, सांगा की ह्यांना तो किस्सा. तुमच्या तोंडून कुठं ऐकलाय त्यांनी?"

मी सुरू केला. आणि सांगता सांगता माझं लक्ष कौसाकडे गेलं. प्रत्येक हशाच्या जागेआधी ती पदर तोंडाला लावून तयार बसत होती. एक जागा चुकत नव्हती. माझ्या किश्शाची एवढी तालीम तर मीही केली नव्हती.

मी किस्सा मधेच तोडला. मग म्हणालो, "ती बसली न्हाई. मी बसवलं. ती इचारत व्हती डायव्हरला, मी इचारू दिलं न्हाई. सायबापुढं मी खोटं बोललो."

मग सुनीताचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, सुटलो!

"किती जीव हाय आन्नाचा आईवर!" ती नवऱ्याला म्हणाली. "तिला हसायलेत म्हनून सोतावर घेत्यात."

"अरे, खरं सांगायलोय!"

"कळतंय आन्ना, कळतंय," बालाजीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बीपी वाढवू नका." जावयांनी तर वाकून नमस्कार केला. जन्मभर खोटं सांगितलं तेव्हा टाळ्या, आणि खरं सांगितलं तर पाया पडायला लागले!

"तू तरी सांग की ह्यांना," मी कौसाला म्हणालो.

"मी सांगितलं व्हतं. पहिल्याच वर्षी, तुमच्या आईला. त्या म्हनल्या, चुकली तर चुकली, नवऱ्यावर कावून ढकलायलीस?" ती उठली, पिशवी काढली आणि नातीला म्हणाली, "तन्वे, बुटं पुसून ठिव. सकाळची गाडी धरायची."

आता कोणी हसलं नाही. आईनं कोणाला विचारलंच नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणावं, हे कोणालाच सुचेना. माझ्यातला कंट्रोलर मात्र जागा झाला. एवढ्या वर्षांनी भरपाईची संधी! मी धोतर सावरत म्हणालो, "चल, मी येतो. गाडीत बसवून देतो."

कौसानं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी खिडकीतून बघितलं होतं तसंच.

"तुमी नगा येऊ," ती म्हणाली. "पोरीला बीडला जायचंय."

सुनीता आधी हसली, मग थांबली, मग हळूच माझ्याकडे वळली. "आन्ना... खरंच तुमी?"

एवढ्या वर्षांत माझ्या एका पुकारावर सगळं स्टँड माना वळवायचं. त्या खोलीत माझ्याशिवाय पाचच माणसं होती, आणि माझ्या तोंडून साधं "हो" सुद्धा ऐकू जाईल असं निघालं नाही.